मुंढ्यातला पाव इंच

विकत घेतलेली फाइल उघडायचा पासवर्ड काय, तर माझाच मोबाइल नंबर. तो घातला आणि पहिल्याच पानावर तिरकं माझं नाव आलं, वासंती परचुरे, खाली पुन्हा नंबर. दुसऱ्या पानावर तेच, तिसऱ्यावर तेच. कटोरी ब्लाउजच्या प्रत्येक आकृतीवर फिकट अक्षरांत मी पसरलेली. शेवटी सूचना, की ही फाइल फक्त तुमच्यासाठी आहे, पुढे पाठवली तर कुणाकडून गेली ते कळेल. म्हणजे पैसे मोजून घेणारा आधीच चोर!

आणि ही सूचना लिहिणारी, फाइल करून विकणारी कोण, तर शबनम. बारा वर्षांपूर्वी कसबा पेठेतून बसने बिबवेवाडीला माझ्या शिवणक्लासला यायची. तिने शिवलेल्या पहिल्या ब्लाउजमध्ये हात वर करता येत नव्हता. खाकी कागदावर मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या जागेचा, गोल कसा काढायचा ते मी तिचा हात धरून शिकवलं. आता त्याच गोलावर हिचे सर्व हक्क राखीव.

जळले मी. उगाच कशाला लपवायचं? माझ्याकडे शिकणाऱ्या तीन मुली ‘घरबसल्या मिळतं, बाई’ म्हणत क्लास सोडून तिच्या फाइलकडे गेल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं शिकवतेय, पण बिबवेवाडीबाहेर माझं नाव कुणाला ठाऊक नाही. हिची फाइल म्हणे वाघोलीपासून नाशिकपर्यंत जाते.

तेव्हा मी एक उद्योग केला. फाइलमधलं पान पाठवलं तर माझं नाव सोबत जाणार. म्हणून चार दुपारी बसून तिचे सगळे तक्ते खाकी कागदावर स्वतःच्या हाताने काढले, त्यांचे फोटो घेतले आणि क्लासच्या ग्रुपवर टाकले. कुठून मिळाले ते विचारू नका, हवं त्याला पाठवा, असंही लिहिलं. पंधरवड्यात तेच फोटो दुसऱ्या दोन ग्रुपवरून माझ्याकडे परत आले. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

पुढच्या आठवड्यात शबनम क्लासमध्ये आली. मुली मशीनवर बसल्या होत्या. मी तिला बस म्हटलं, ती उभीच राहिली. दुकानातली नोकरी सोडून वर्षभर खपून तिने ती फाइल केली होती. आता फोटो फुकट फिरताहेत म्हटल्यावर कोण विकत घेणार? जुन्या दुकानात परत घेतात का, ते विचारून आले, म्हणाली. मी म्हटलं, नेटवर टाकलंस की असंच व्हायचं.

तिने कटिंगच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक तिच्या फाइलचं पान, दुसरा फिरणाऱ्या फोटोचा प्रिंट.

“चाळीसच्या वरच्या मापाला मागचा मुंढा माझा चुकला होता, बाई. इतक्या जणींनी फाइल घेतली, एकीलाही कळलं नाही. ज्याने चोरलं त्याला कळलं. बघा, पाव इंच खोल घेतलाय.”

मी बघितलं. माझ्या लक्षातही नव्हतं. काढताना हाताने आपोआप दुरुस्त केलं होतं. चोरी करतानासुद्धा चुकीचा मुंढा काढवेना, काय म्हणायचं याला!

“असेल कोणी जाणकार,” मी म्हटलं.

“पाव इंचाचा हा हट्ट मी एकाच माणसाचा पाहिलाय.” तिचा आवाज अजिबात चढला नाही. “एक फोन केला असता तरी चाललं असतं, बाई. मी दुरुस्ती केली असती. तुमचं नाव घालून.”

ती कागद गोळा करून दाराशी गेली, वाकून चप्पल घालू लागली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मशीनवरून कल्याणीने, माझ्या नव्या विद्यार्थिनीने, अगदी मदतीच्या सुरात विचारलं, “बाई, तुम्ही ग्रुपवर टाकलेले ते फोटो मग काढून टाकू का?”

सगळ्या मशीन थांबल्या. शबनमचा हात चपलेच्या पट्ट्यावर तसाच राहिला.

“काढ,” मी म्हटलं. “ज्यांना पुढे पाठवलेस त्यांनाही सांग. बाईंनी चोरून काढले होते म्हणावं.”

शबनमने पट्टा लावला आणि मागे न बघता जिना उतरायला लागली. मी दारात उभी होते. तिचा कुर्ता तिनेच शिवलेला असणार. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीवर कुठे एक चुणी नव्हती, आणि तेव्हाही मी जळलेच.