सकुबाईची सही

शिक्क्याची जांभळी शाई पसरली होती, तरी आतलं साल वाचता येत होतं — जानेवारी, दोन हजार सात. लेकीच्या, पूजाच्या अकरावीसाठी जन्मदाखला शोधताना काशीला ट्रंकेच्या तळाशी हे पुस्तक सापडलं. कमळाकरचं, तिच्या नवऱ्याचं, मुंबईच्या कुठल्याशा दवाखान्यातलं. एचआयव्हीच्या तपासणीचं, लागण असल्याची नोंद असलेलं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली... आणि लग्न? लग्न त्याच सालच्या वैशाखातलं. तिने बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले, जणू मोजता मोजता एखादा महिना आपल्या बाजूने सरकेल.

पूजा पोटात असताना मुरबाडला तिचं रक्त तपासलं. घरात आधी तिचाच आजार कळला, म्हणून सासूने आधी तिलाच विचारलं, कुठं तोंड काळं केलंस? कमळाकर ओक्साबोक्शी रडला होता, "मला काय ठाव गो, काशी?" — आणि तिनेच पदराने त्याचे डोळे पुसले होते. त्याच एका वाक्यावर तिने पुढचं सगळं रेटलं: गोळ्यांनी येणारी घेरी, पूजाला लागण नाही हे तपासणीत ठरेपर्यंतचे, तिच्या जन्मानंतरचे ते अठरा महिने, त्याचं शेवटचं अंथरूण. बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. हे रोज स्वतःला सांगत सांगतच तर मी जगले...

शिक्क्याखाली सोबत आलेल्या नातेवाइकाची सही होती. वाकड्या, दाबून काढलेल्या अक्षरांत — सकुबाई.

सकुबाई, नणंद. विधवा होऊन माहेरी परतलेली. सगळे ताटवाटी वेगळी ठेवत तेव्हा काशीच्याच तांब्यातून पाणी पिणारी, गोळीची वेळ कधी चुकू न देणारी. सासू ओरडत होती त्या दिवशी ती कोपऱ्यात मान खाली घालून वाल सोलत होती. काशीला वाटलं होतं, ही आपल्यासाठी रडतेय.

सकुबाई पडवीत तांदूळ निवडत होती. काशीने पुस्तक तिच्यापुढे धरलं.

"ताई, तुमाला ठाव होतं?"

सुपातला हात थांबला.

"त्यानी माझं पाय धरलं गो. बोलला, लगीन मोडलं तर फास लावून घेईन. माझा एकच भाव..."

"आनि आय मला इचारीत होती तवा?"

सकुबाईने वर पाहिलं नाही. "तवा पन नाय बोलली मी."

ज्याच्याशी भांडायचं तो माणूस तर आता नव्हता. आणि ही जी समोर होती तिची इतक्या वर्षांची माया — ती माया होती की नुसती फेड? फेड असेल तर मग माया समजून मी पोटभर घेतलं ते काय होतं... इतकी वर्षं ज्या एका वाक्यावर टेकून ती उभी राहिली ते खरं कधी नव्हतंच, आणि तरी ती उभी होती. पण त्यात आनंद मानावा असं काहीच तिला सापडेना.

सकुबाई उठली, बिचकत तिने काशीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात नेहमीइतकाच ऊबदार होता, आणि आता नेमकं तेच काशीला सोसवत नव्हतं.