हा प्रश्न नव्हे

इस्त्रीवालीची उजव्या हाताची तीन बोटं रोलरवर भाजून आठवडाही झाला नव्हता, तोच धुलाईखान्याचा मुकादम कागद घेऊन दारात हजर.

"अपघाताचा अहवाल आहे. डावा अंगठा उमटव, झालं."

"अंगठा कशाला? मला सही येते. आणि वाचताही येतं," ती फणकारली.

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या धाकट्या नणंदेकडे ती सहा महिने धडे घेत होती. एका ओळीवर तिची नजर अडली. ‘हॅड द वर्कर इन्फॉर्म्ड अस’. हॅड आधी, कर्ता नंतर; म्हणजे प्रश्न. कामगाराने कळवलं होतं का? चला, विचारलं तरी! तरी तिने कागद ठेवून घेतला आणि मुकादमाला वाटेला लावलं.

संध्याकाळी नणंदेने कागद वाचला आणि तिचा चेहरा पडला.

"वहिनी, हा प्रश्न नव्हे. प्रश्नचिन्ह कुठंय? यात ‘जर’ गाळलाय, म्हणून हॅड पुढे आलाय. कामगाराने कळवलं असतं, तर रोलर दुरुस्त झाला असता."

"असतं? म्हणजे मी कळवलंच नाही?"

"तसाच अर्थ होतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सोमवारी मुकादमाला सांगितलं, रोलरपुढची जाळी वाकलीय. बुधवारी सांगितलं. शुक्रवारी तर त्याला ओढत रोलरपाशी नेलं! बघतो म्हणाला मेला, दात कोरत! आता माझं वाक्य सांग. त्यात जर नको, तर नको."

"मग साधं वाक्य. कर्ता, क्रियापद, कर्म. संपलं."

दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या साहेबांच्या टेबलावर तोच कागद आपटला. सहीच्या जागी डाव्या हाताने लिहिलेली वेडीवाकडी अक्षरं होती: ‘आय टोल्ड हिम थ्री टाइम्स. ही डिड नथिंग.’

मुकादम खिडकीबाहेर बघू लागला. साहेब खाकरले. "दोन्ही वाक्यं जोडून जरा सौम्य करू या? तिने सांगितलं असावं, पण..."

"पण लावायचा नाही. आणि असावं तर मुळीच नाही! सांगितलं. याला. तीनदा."

बाहेर चादरींच्या घड्या घालणाऱ्या दोघीजणी काम टाकून दारात आल्या. "आमच्यासमोर सांगितलंय, साहेब," त्यातली थोरली म्हणाली. दोघींनी खाली सह्या ठोकल्या.

पोच हातात पडेपर्यंत इस्त्रीवाली खुर्चीवरून हलली नाही. रोलर त्याच दुपारी बंद झाला. मुकादमाला मात्र कोणी एका शब्दानेही विचारलं नाही. घरी पोचली तरी तिचा राग उतरला नव्हता.