मासळीलाही 'बरे होऊन या' म्हणणारा शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या एका मोठ्या गोदामाच्या कचेरीत माझा जन्म गेला. माझ्या तोंडात एकच वाक्य कोरलेले : 'पूर्ण बरे होऊन या.' मित्रांनो, एका दुपारी मी चौदाशे कागदांवर उमटलो. खोटे वाटत असेल तर शाईच्या गादीला विचारा, ती दोन हजार सांगेल!

कचेरीतल्या कारकून मार्लिसबाई मला चालवत. "काय झपाटा आहे हो तुमच्या हाताला!" असे साहेब म्हणत आणि मीच फुगत असे. कोणाची पाठ, कोणाचा डोळा, कोणाचा कान. डॉक्टर चिठ्ठीत लिहीत, थोडी सोय करा, माणूस काम करील. त्यावर मी धप्पकन बसे आणि माणूस घरी बसे.

ओडेल प्रुइट त्याच गोदामात एकोणीस वर्षे खोकी भरत होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याला फक्त एक स्टूल हवे होते. त्याच्याही चिठ्ठीवर मी बसलोच. अशा माणसाला कामावर शक्य ती सोय द्यावी असा कायदा आहे, पण एकट्याने कंपनीशी झुंजणे त्याला झेपणारे नव्हते. म्हणून त्याच्या वकील झील्केबाईंनी कोर्टाला विनंती केली : अशा तीनशे चाळीस जणांचा दावा एकत्र चालवा.

त्या विनंतीच्या सुनावणीला मी कोर्टात पुराव्याच्या टेबलावर होतो. कंपनीचे वकील म्हणाले, "प्रत्येकाचं दुखणं वेगळं. आम्ही प्रत्येक कागद वाचून निर्णय घेतला. दावेही वेगळेच हवेत."

झील्केबाईंनी कंपनीच्याच फायलीतला एक कागद वर धरला. चर्चमधल्या शुक्रवारच्या तळलेल्या मासळीच्या जेवणाची जाहिरात! चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात ती मिसळली होती आणि तिच्यावरही मी उमटलो होतो.

"मार्लिसबाई, हे वाचलं होतंत?"

"वाचायला कोणी सांगितलं होतं? कागद आला की मारा शिक्का, एवढाच हुकूम. सगळ्यांना तोच."

"तळल्यावर मासा बरा कसा व्हायचा, बाई?" ओडेल मागून पुटपुटला.

न्यायाधीशबाईंनी हसू दाबले. "दुखणी वेगळी असतील, पण नियम एकच होता. तो कायद्यात बसतो का, हा प्रश्नही एकच. दावा एकत्र चालेल."

मला पिशवीत घालून बाहेर नेले, तेव्हा बाकावर मार्लिसबाई मान खाली घालून बसल्या होत्या. "ओडेल, तुझ्या चिठ्ठीवर मीच..."

"ठाऊक आहे. आता सरका जरा, गुडघा ठणकतोय."

त्या सरकल्या.

मित्रांनो, दावा अजून जिंकायचा आहे. मी पुराव्याच्या पिशवीत पडून आहे, शाई पार वाळली आहे. माझा एखादा भाऊबंद तुमच्या हाती आलाच, तर तो टेकवण्याआधी खालचा कागद वाचा. कोणीतरी त्यात फार थोडे मागितलेले असते.