न जन्मलेल्यांचं घर

राज्याची राजधानी पिअर इथल्या विधानसभेत असताना ऑर्लिन स्कॉगस्टॅडनं दर हिवाळ्यात ट्रस्टच्या विधेयकाला हात वर केला. ते कुणीच वाचत नसे. सू फॉल्स शहरातले वकील लिहून आणत, बिनविरोध यादीत घालत, आणि जेवणाच्या सुट्टीआधी ते मंजूर होई. साउथ डकोटात घराण्याचा ट्रस्ट जगबुडीपर्यंत चालू शकतो, याचा ऑर्लिनला अभिमान. इतका, की आपलं शेतावरचं घरही त्यानं तशाच ट्रस्टमध्ये टाकलं; मालकी ट्रस्टची, कारभार ट्रस्ट कंपनीचा.

खरं कारण सून. मुलगा वारल्यावर डॉरीन दुसरा नवरा आणून तिथं ठाण मांडील, ही धास्ती. म्हणून पुन्हा कधीच बदलता येणार नाही अशी अट घातली: घरात राहील तो फक्त रक्ताचा वंशज. वकिलानं विचारलंही, तुमचं नि तुमच्या बाईंचं काय? आम्ही गावात फ्लॅट घेतलाय, परत कशाला येतोय, म्हणून ऑर्लिननं स्वतःसाठीच्या दोन ओळींची काटकसर केली. डॉरीननं एका हिवाळ्याची मुदत मागितली. मिळाली नाही. मुलीला घेऊन ती निघून गेली.

मग आर्डिस, त्याची बायको, सगळं विसरू लागली. नर्सिंग होममध्ये ती जेवेना. घरी चल, एवढंच म्हणे. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या घरात खाईल कदाचित; इथं उन्हाळा निघणार नाही. घर तर रिकामंच पडलं होतं.

ऑर्लिन ट्रस्ट कंपनीत गेला. भाडं देतो म्हणाला, लिहून देतो म्हणाला, शेवटी हात जोडायचेच बाकी राहिले. तिथली अधिकारी मार्लिस फॉइट हिनं त्याला कॉफी दिली.

"मला पुढच्या पिढ्यांचं बघावं लागतं. अजून जन्मले नाहीत त्यांचंही."

"त्यांना माझ्या म्हातारीची अडचण होणारे?"

"आमदारसाहेब, कायदा तुमचाच आहे."

एकच वाट होती. नात तिथं राहिली, तर आजीला पाहुणी म्हणून ठेवता येईल. अभिमान गिळून त्यानं डॉरीनला फोन केला. नात ओरेगनला शिकत होती, बाळंतपणाला टेकली होती. प्रवासाची मनाई होती.

"मी आले असते, बाबा. आईंचं सगळं केलं असतं. पण मला आत यायची बंदी आहे ना."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आर्डिसला गाडीत घातलं, थर्मासमध्ये सूप भरलं आणि शेताच्या फाटकासमोर, सरकारी रस्त्यावर, गाडी थांबवली. तिनं घर लगेच ओळखलं. त्यानं चमचा पुढे केला. तिनं ओठ मिटले.

"आत गेल्यावर जेवीन. उघड ना."

तो उतरला. फाटकाला कंपनीचं कुलूप होतं. त्यानं खिशातून फ्लॅटची किल्ली काढली आणि तिच्याकडे पाठ करून, तो उघडतोय असं तिला वाटत राहावं म्हणून, कुलुपाशी खटपट करत उभा राहिला.