अर्जातलं एक वाक्य

बहरीनमधल्या गुदैबियाच्या एका गल्लीत इलियासचं टायपिंगचं दुकान होतं. माणूस मूळचा राजापूरचा, पण सव्वीस वर्षांत त्याचं अरबी इतकं सफाईदार झालं होतं, की बहरीनी लोकही सरकारी अर्ज त्याच्याकडून लिहून घेत.

ऑक्टोबरात शेजारचे हाजी नजीब आले. समोरच्या हॉटेलचं दारूचं आणि गाण्याबजावण्याचं लायसन्स पुन्हा कौन्सिलपुढे येणार होतं.

"आवाजाने झोप नाही, गाडी लावायला जागा नाही. लिही," ते म्हणाले.

इलियासने लिहिलं. मजकूर त्याला तोकडा वाटला. असल्या अर्जांत घालायचं एक वाक्य त्याच्या बोटांवर बसलेलं होतं, ते त्याने घालून दिलं: प्यालेले लोक येता-जाता बायका-मुलींची वाट अडवतात. हाजींनी वाचून मान डोलावली. अर्जावर चाळीस सह्या झाल्या.

त्या हॉटेलात सलील कीबोर्ड वाजवायचा, हे इलियासला चांगलं ठाऊक होतं. सलील गिरगावचा, इलियासच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचा. मुलगी अनुष्का दहावीला. इलियासच्या बायकोचं, झोहराचं, ऑपरेशन झालं तेव्हा सलीलची बायको चारुलता आठवडाभर डबा घेऊन खाली येत होती. पण असे अर्ज दरवर्षी जात आणि फाइलमध्ये पडून राहत. यंदाही तेच होणार, असं इलियास धरून चालला होता.

पंधरा दिवसांनी सलील दुकानात आला. चेहरा उतरलेला.

"कौन्सिलमध्ये एका मेंबरने ते वाट अडवण्याचं वाक्य उभं राहून वाचलं म्हणे. सगळी सभा फिरली. इलियासभाई, अकरा वर्षं वाजवतोय मी तिथे. कुणी कुणाची वाट अडवलेली पाहिली नाही. कोण लिहितं हो असं?"

इलियास प्रिंटरमध्ये कागद भरत राहिला.

"पुढच्या बैठकीत फैसला आहे. आम्हा वाजवणाऱ्यांचा अर्ज तुम्हीच लिहा. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. अनुष्काच्या बोर्डाचंही घाला."

इलियासने जीव ओतून लिहिलं. संध्याकाळी तो हाजींच्या दारात जाऊन उभा राहिला.

"हाजी, ते वाक्य तुम्ही सांगितलं नव्हतं. मी घातलं. मागे घ्या."

"तू लिहिलंस, मला वाटलं तू पाहिलं असशील."

"नाही पाहिलं."

"आता मागे घेतलं तर चाळीस माणसं खोटी पडतील. खलास, इलियास."

कौन्सिलने लायसन्सविरुद्ध शिफारस केली. हॉटेलने हॉल बंद केला आणि सहाही वाजवणाऱ्यांचे व्हिसा रद्द केले. अनुष्काची परीक्षा दोन महिन्यांवर होती.

सलील रिकामी खोकी घेऊन जिना चढत होता, तेव्हा इलियासने त्याला थांबवलं.

"सलील, ते वाक्य माझं होतं."

सलीलला आधी कळलंच नाही. मग त्याने खोकी खाली ठेवली. "तुम्ही काही पाहिलं होतंत?"

"नाही."

"मग?"

"सवय," इलियास म्हणाला. दुसरा शब्दच नव्हता.

"माझ्या अर्जातही सवयीचंच लिहिलंत?"

"अल्लाची कसम, नाही!" पण तोवर सलील वर गेला होता. खोकी जिन्यातच राहिली.

सलीलने घरात कुणाला काही सांगितलं नसावं. निघायच्या दिवशी चारुलता झोहराच्या गळ्यात पडली. झोहराने वाटेसाठी सांदणं करून दिली होती. अनुष्का म्हणाली, "बाय अंकल, मिस यू." इलियास बॅग उचलायला पुढे झाला. सलीलने त्याचा हात हलकेच बाजूला केला, बॅग स्वतः उचलली आणि टॅक्सीत जाऊन बसला.

"सलीलभाव तुमच्याशी काय बोलले नाय ते?" झोहराने विचारलं.

इलियास जिन्याच्या पायरीवर बसला. सांगायला तोंड उघडलं आणि त्याला रडूच फुटलं. शेजार तुटला म्हणून रडतोय असं वाटून झोहरा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.