प्रीताच्या निबंधातली आई

मी एक कादंबरी बोलतेय. चिनी आई आणि अमेरिकेत जन्मलेली तिची मुलगी यांच्या भांडणाची. माझ्यातली आई मोडकंतोडकं इंग्रजी बोलते, पूर्वजांपुढे उदबत्त्या लावते, लेकीचं भविष्य काढून आणते. वाचणारे डोळे पुसतात आणि जेवायला जातात. मला त्यांची किळस येते.

१९९६ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका शाळेत इंग्रजीच्या बाईंनी मला प्रीताच्या हातात ठेवलं. तुला ही जवळची वाटेल, म्हणाल्या. प्रीता मराठी. पण बाईंच्या लेखी सगळा आशिया म्हणजे एकच आळी.

प्रीताला ॲन आर्बरच्या विद्यापीठात जायचं होतं आणि अर्जासाठी आईवर निबंध हवा होता. या शहाणीनं माझ्यातली आई उचलली, तिला साडी नेसवली आणि कागदावर उभी केली. कुंडली बघून मुलीला अडवणारी, देव्हाऱ्यापुढे रडणारी. 'किती खरं!' असा बाईंचा शेरा.

खरी आई पद्मिनी नागपूरकडची, संशोधक. घरात बुद्ध आणि बाबासाहेब. पंचांग औषधालाही नाही. वडिलांच्या धम्मदीक्षेची गोष्ट तिनं कितीदा सांगितली होती, पण लेकीच्या कानांत हेडफोन.

निबंध वाचून पद्मिनीनं विचारलं, "या बाई कोण?"

"आई, इट्स जस्ट अन एसे. त्यांना असंच आवडतं."

"तुझ्या आजोबांनी देव घराबाहेर काढले म्हणून गावानं त्यांना विहीर बंद केली. तू ते देव परत आणलेस, आणि माझ्या हातून पुजवलेस."

"आपलं खरं लिहिलं तर दोन पानं नुसती एक्सप्लेन करण्यात जातील."

"मग जाऊ देत."

प्रीतानं तोच निबंध पाठवला. प्रवेश मिळाला. पद्मिनीनं त्या आठवड्यात मला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, एकदाही न रडता.

ॲन आर्बरला सोडायला दोघी आल्या, तेव्हा मी प्रीताच्या बॅगेत होते. प्रवेश विभागातल्या बाईंना निबंध आठवत होता. त्या पद्मिनीशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलल्या, बहिऱ्याशी बोलावं तसं. प्रीताचा चेहरा उतरला.

पद्मिनीनं लेकीकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाली, "थँक यू. माय डॉटर, व्हेरी गुड गर्ल." वाक्य माझ्यातलं होतं. लेकीचं खोटं उघडं पडू नये म्हणून ती माझ्यातली आई झाली, आणि लेकीनं ते होऊ दिलं.

आता मी होस्टेलच्या फळीवर धूळ खात पडलेय. काल प्रीतानं मला उचललं, डोळेही भरून आले तिचे. रडूबाई, ठेव मला खाली. आईला फोन कर.