महादू दरीत उतरला

एकनाथ दांडीचा आणि मंजुळा नवापूरची. दोन्ही गावांच्या मध्ये एक खाडी. लग्नानंतर दोघं बोईसरला दोन खोल्यांत राहायला आली, कारण एकनाथची कंपनी तिथं होती. पुढं मंजुळालाही स्टेशनजवळच्या एका लहानशा इस्पितळात नर्सची नोकरी लागली. एकनाथची शिफ्ट दर आठवड्याला बदले. मंजुळाची ड्युटी बदले ती मोठ्या सिस्टरच्या मर्जीनं. कधीकधी आख्खा आठवडा दोघांची गाठ पडे ती दारातच. तो बूट चढवतोय, ती चपला काढतेय. बोलणं व्हायचं ते गॅसचं, नळाचं, दुधाचं. भांडण तर नव्हतंच. भांडायलाही दोन माणसं एका वेळी घरात असावी लागतात.

सत्त्याण्णव साली कंपनीच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि जुने कामगारांना वाटून टाकले. एकनाथनं एक चादरीत गुंडाळून टेम्पोतून घरी आणला. दुरुस्तीवाल्या जिवल्यानं तो चालू करून दिला आणि वर एक गेमही घालून दिला.

"यात जिंकायचंच असं काय नाय," जिवल्या म्हणाला. "मोठा मुलूख हाय. मनाला येईल तिकडं चालायचं."

मुलूख खरोखरच मोठा होता. गवताची माळरानं, त्यांच्यापलीकडं धुक्यातली तळी, तळ्यांपलीकडं पांढरे डोंगर. सुरुवातीला एक म्हातारी भेटे आणि राजाचा हरवलेला मुकुट शोधून आण म्हणे. पण नाही शोधला तरी ती रागावत नसे. गेमनं नाव विचारलं तेव्हा एकनाथनं आपल्या आजाचं नाव लिहिलं, महादू. खरा महादू जन्मभर होडीवर राहिला होता. डोंगर त्यानं पाहिला तो समुद्रातूनच, घराची दिशा ओळखायची खूण म्हणून.

मंजुळाला आधी त्यात रस नव्हता. पण रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोप लागेना. पडदा ओढला तरी ऊन आत यायचं, खाली भाजीवाला ओरडायचा, आणि डोळे मिटले की वॉर्डातल्या खाटा दिसायच्या. एका दुपारी ती उठून कॉम्प्युटरपुढं बसली. सकाळी एकनाथ बूट घालता घालता सांगून गेला होता, "पयल्यांदा कोनाशी लढू नको. समोर काय आलं की पळ. पळायची लाज वाटून घेऊ नको."

तिनं महादूला आधी समुद्रावर नेलं. दुसरीकडं कुठं जायचं हे तिला सुचलंच नाही. ओल्या वाळूवर तो उभा राहिला, लाटा आल्या, आणि खडकामागून खाटेएवढी चिंबोरी बाहेर आली. मंजुळानं लहानपणापासून हजार चिंबोऱ्या नांग्या मोडून टोपलीत टाकल्या होत्या. पळायचं तिच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारात ती म्हणाली, "तुमचा आजा मेला."

"कोनी मारला?"

"चिंबोरीनं."

एका पायात बूट घातलेला एकनाथ खाली उंबऱ्यावरच बसला आणि हसत सुटला. "नवापूरच्या पोरीनं चिंबोरीचा मार खाल्ला?"

"तुमी बगितली नाय ती. केवडी होती." तिलाही हसू आवरेना. शेजारची माई दार उघडून बघून गेली.

मेलेला महादू पुन्हा उठे, जिथं सेव्ह केला असेल तिथून. हे तिला फार आवडलं. इस्पितळात असं होत नाही.

मग रोज दारात एकेक गोष्ट मिळू लागली. एकनाथला घाई असे म्हणून तो थोडक्यात बोले. "किती उचलतेस? दगड, भांडी, सगळं घेऊन चाललाय तो. मंग पळनार कसा?" दुसऱ्या दिवशी, "गावात शिरलीस की म्हाताऱ्यांशी बोल. जवान मानसं कामापुरतं सांगतात." कधी जिन्यावरून मागं वळून, "उघड्यावर नीजवू नको त्याला. सराय बग." आणि एकदा, ती डबा घेऊन बाहेर पडताना, "सेव्ह करतेस ते दर खेपेला नव्या जाग्यावर कर. जुन्याच्या वर नको." हे तिनं ऐकलं न ऐकलं, कारण समोरून रिक्षा येत होती.

एकनाथची रीत अशी की मुकुटाच्या वाटेवरची लहानसहान कामं आधी उरकायची. कुणाची हरवलेली मेंढी आणायची, कुणाचं पत्र पोहोचवायचं, त्यातून महादूच्या अंगात बळ यायचं. मंजुळा नुसती चालायची. तिला कुठं पोहोचायचंच नव्हतं. पंखा फिरत असे, पडद्यातून गाळलेला पिवळा उजेड भिंतीवर हले, आणि महादू कमरेएवढ्या गवतातून जाई. गवत त्याच्यासाठी वाट करून देई आणि मागं मिटून जाई. एका तळ्यावर पाण्याखाली दिवे लागत. कोण लावतं ते कळत नसे. एक नावाडी होता, तो पैलतीरावर नेऊन सोडे आणि काही मागत नसे. कधी तिला बसल्या जागी डुलकी लागे. मग आपण झोपेत चालतोय की महादू आपल्या झोपेत चालतोय, हे तिला कळेनासं होई.

इस्पितळात सलाईनचे थेंब मोजताना तिला ते तळं दिसे. नवापूरला आईकडं जाताना रस्त्यालगतच्या मिठागरात बगळे उभे असत, त्यांच्यामागं उन्हात मिठाचे ढीग चमकत, आणि तिला वाटे, हे मी कालच पाहिलं, पण तिथं याच्यापलीकडं वाट होती.

हळूहळू एक गोष्ट होऊ लागली. उठायच्या आधी ती महादूला एखाद्या चांगल्या जागी नेऊन उभा करू लागली. पुलावर, फुललेल्या झाडाखाली, कड्याच्या टोकावर. एकनाथ घरी येई तेव्हा ती ड्युटीवर असे. तो कॉम्प्युटर लावी आणि आज आजा कुठं आहे ते पाही. मग तो खेळे आणि आपल्या बाजूनं महादूला कुठंतरी ठेवून जाई. एकदा तिनं येऊन पाहिलं तर महादूच्या अंगावर निळी शाल होती आणि तो समुद्राकडं तोंड करून उभा होता. सूर्य पाण्याला टेकलेला. ती बराच वेळ तशीच पाहत राहिली. तिनं त्याला पुढं हलवलंच नाही.

"शाल कुटं मिळाली?" तिनं दारात विचारलं.

"बर्फाच्या गावात. तुला तिकडं जायचं असेल ना, म्हनून घेतली."

दोघांपैकी कुणीच खरा बर्फ पाहिला नव्हता. फ्रीजमधला धरला नाही तर.

ती त्याच दुपारी निघाली. पांढऱ्या डोंगरातली खिंड चढता चढता महादूच्या पावलांचा आवाज बदलला. पाऊल पडलं की करकर वाजे आणि मग काहीच नाही. सगळीकडं असं शांत की मंजुळानं पंखाही बंद केला. माथ्यावर तिनं वाकून खाली पाहिलं, अजून थोडी वाकली, आणि महादू घसरला. तो घसरतच गेला. बर्फ, खडक, पुन्हा बर्फ. मग धप्प आवाज झाला, आणि तो एका हिरव्या डोहात पडला. मेला नाही. घाबरून तिनं पहिलं काम केलं ते सेव्हचं, नेहमीच्याच जाग्यावर.

डोहाभोवती उभे कडे होते. एका अंगानं बारीकसा धबधबा पडत होता, दोन झाडं होती, गुडघाभर गवत होतं. वाट नव्हती. ड्युटीची वेळ होईपर्यंत ती कड्याला हात लावत महादूला गोल फिरवत राहिली. आधी सेव्ह केलेलं काहीच उरलं नव्हतं. तिनं सगळं एकाच्याच वर ठेवत नेलं होतं. एकनाथची दीड वर्षाची मेहनत त्या एका खड्ड्यात होती.

त्या दिवशी तिनं दारात काही सांगितलं नाही. ड्युटीवर तिचा जीव लागेना. सोबतच्या सुलूनं विचारलं, घरी कुणी आजारी आहे का. मंजुळा म्हणाली, "आजा पडला."

सकाळी ती घरी आली तेव्हा एकनाथ दारात नव्हता. तो पहिल्या पाळीला निघून गेला होता. कॉम्प्युटर तसाच होता. तिनं भीत भीत लावला. महादू अजून दरीतच होता, पण झाडाखाली बसला होता आणि त्याच्यापुढं शेकोटी पेटलेली होती.

आठवडाभर असंच चाललं. एकनाथ त्याच्या वेळात वाट शोधे, ती तिच्या वेळात. महादू कधी धबधब्यामागं सापडे, कधी डोहाच्या मधोमध खडकावर. दारात दोघं आता त्याच्याबद्दलच बोलत.

"उत्तरेच्या कड्याला फट हाय, बगितलीस?"

"बगितली. पुडं बंद हाय."

शेवटी एकनाथनं जिवल्याला बोलावलं. जिवल्यानं अर्धा तास बटणं दाबली आणि हात टेकले. "ही जागा कुनी जावं म्हनून केलेलीच नाय. वरनं नुसती शोभेला दिसायची. तुमी कशे शिरलात देव जाने. बायेर यायची वाट यात ठेवलेलीच नाय. नव्यानं चालू करा." चहा पिऊन तो गेला.

मंजुळाच्या डोळ्यांत पाणी आलं. "माज्यामुळं झालं. तुमी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं खरं," एकनाथ म्हणाला. मग स्क्रीनकडं पाहत म्हणाला, "पन मी नेला असता तर मुकुटाकडं नेला असता. हे कदी बगितलंच नसतं."

त्या महिन्यात कंपनी दुरुस्तीसाठी चार दिवस बंद राहिली. मंजुळानं सुलूशी ड्युटी बदलून घेतली. किती तरी महिन्यांनी दोघं दुपारी एकत्र घरात होती, आणि काय बोलावं हे दोघांनाही सुचत नव्हतं. जेवण झाल्यावर एकनाथनं दुसरं स्टूल ओढलं. दोघं महादूसोबत दरीत जाऊन बसली.

वर बर्फ पडत होता, पण तळापर्यंत पोहोचत नव्हता. मध्येच विरून जाई. दुपारी काही वेळ डोहावर ऊन उतरे आणि कडे आतून पेटल्यासारखे दिसत. पाण्याचा आवाज सारखा येत होता. त्या मुलखात हजार माणसं होती, सराया, राजवाडे, बाजार होते, पण इथं कुणीच येणार नव्हतं.

"आपन दोगंच हाओत इथं," मंजुळा म्हणाली.

"आजा हाय."

"आजाचं काय. तो बसलाय त्याच्या जागी."

मग एकनाथ पाण्याकडं पाहतच म्हणाला, "सायेबाला विचारू का, जनरल शिफ्टचं? स्टोअरात एक जागा रिकामी होतेय. काम कंटाळ्याचं हाय."

"विचारा ना."

"तुला चालेल? रोज संध्याकाळी घरी असनार मी."

ती हसली नाही. तिनं विचार केला, मग म्हणाली, "चालेल. मीपन मोठ्या सिस्टरला दिवसाच्या ड्युटीचं विचारते."

मोठ्या सिस्टरनं दिवसाची ड्युटी लगेच दिली नाही, दोन महिने झुलवलं. एकनाथच्या सायबानंही आधी कुरकुर केली, पण गणपतीनंतर त्याला स्टोअरात घेतलं. काम कंटाळ्याचंच निघालं. संध्याकाळी दोघं घरी असू लागली आणि सुरुवातीला बारीकसारीक गोष्टींवरून चांगली भांडलीही.

महादूला त्यांनी पुसलं नाही. तो दरीत राहिला. अधूनमधून एखाद्या रविवारी दोघं त्याला भेटून येत, शेकोटी विझलेली असली तर पेटवून ठेवत.

नवा खेळ सुरू केला तो दिवाळीच्या सुट्टीत. या वेळी बाई घ्यायची असं मंजुळानं ठरवलं. नाव काय द्यायचं यावर सकाळ गेली. आयांची, आज्यांची सगळी नावं झाली, आणि शेवटी कुणाचंच नसलेलं एक नाव दिलं, चिमी. चिमी धुकं उठायच्या वेळेला एका फाट्यावर उभी राहिली. तिच्याकडं काठी होती आणि एक भाकरी.

"डावीकडं गाव हाय," एकनाथ म्हणाला. "तितं सराय हाय, लोहार हाय. पयले तितं जावं."

"आन उजवीकडं?"

एकनाथ आठवत राहिला. दीड वर्षात तो त्या फाट्यावरून कितीदा गेला होता, आणि दर वेळी डावीकडंच वळला होता.

"म्हाईत नाय," तो म्हणाला.

मंजुळानं चिमीला उजवीकडं वळवलं.